व्हिडिओला व्हिसा लागत नाही

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये चहाची सुट्टी दहा मिनिटांची. पोरं कूलंटनं, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्यानं, ओले झालेले हात सुती चिंध्यांना पुसतात, मोबाइल बाहेर काढतात आणि दोन मिनिटांत कुणीतरी हसायला लागतं. परवा हसू आलं ते खाबी लामच्या रीलवर. आधी कुणीतरी सुरीनं केळं सोलतंय. मग खाबी येतो, तेच केळं हातानं सोलतो आणि दोन्ही तळवे पुढं करून ‘एवढंच तर होतं’ असा चेहरा करतो. तोंडातून अवाक्षर नाही.

नवीन लागलेल्या पोरानं विचारलं, “अण्णा, हा तर काहीच बोलत नाही. ह्याला पैसे कोण देतंय?”

मी म्हटलं, “हा गडी तुझ्यासारखाच सीएनसी ऑपरेटर होता, माहीत आहे का?” सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन. त्याला ते पटेना. दहा मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतंच, म्हणून इथं नीट लिहितोय. परदेशात राहून व्हिडिओ करणाऱ्याचं पोट कशावर चालतं, पैसा कुठून कुठं जातो आणि कागदपत्रं कुठं आडवी येतात, हे आपल्याकडच्या घरांना आता कळायला हवं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची कितीतरी पोरं शिकायला, कामाला बाहेर गेलीत, आणि बाहेर गेलेलं पोर पहिल्याच आठवड्यात मोबाइल समोर धरून व्हिडिओ करायला लागतं.

खाबीपासूनच सुरू करतो. पूर्ण नाव खाबाने लाम. आपल्याकडं पोरं ‘लेम’ म्हणतात, खरा उच्चार ‘लाम’च्या जवळचा. जन्म ९ मार्च २००० चा, सेनेगल देशातल्या डकारचा. एक वर्षाचा असताना घरच्यांबरोबर इटलीत आला. तुरिन शहराजवळ कीवास्सो नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी वसाहतीत वाढला. तुरिन म्हणजे फियाट मोटारींचं गाव, आजूबाजूला सगळी कारखानदारी. चौदाव्या वर्षी त्याला कुराण शिकायला डकारजवळच्या मदरशात पाठवलं. पुढं इटलीतच एका कारखान्यात तो सीएनसी मशीनवर लागला.

हे काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगतो, कारण माझ्या मते खाबी समजायला ते उपयोगी पडतं. कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव तुकडा, उचलायचं, चकच्या जबड्यात धरायचं, दार ओढायचं, सायकल स्टार्टचं बटण दाबायचं. आत चक फिरतो, टूल धातू कापतं, कूलंटचा फवारा काचेवर आपटतो, पांढरट दूध सांडल्यासारखी काच होते. दोन मिनिटांत जॉब, म्हणजे कापून झालेला तुकडा, तयार. बाहेर काढायचा, एअर गननं फुंकायचा, गेज घालून माप बघायचं, गरज पडली तर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमधल्या टूलच्या मापात, चार-पाच मायक्रॉनची दुरुस्ती द्यायची, आणि पुढचं कास्टिंग. एका शिफ्टमध्ये हे दोनशे वेळा. आवाज एवढा की शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलतो. बोट गोल फिरवलं की ‘स्पीड वाढव’. तळहात वर केला की ‘काय झालं?’ दोन्ही तळवे पुढं केले की ‘झालं, सोपं होतं’. खाबीची ती प्रसिद्ध खूण पाहिली की मला थेट शॉपफ्लोर दिसतो. त्यानं ती तिथूनच उचलली असा माझा दावा नाही. पण मशीनवर काम केलेल्याला ती खूण लगेच ओळखीची वाटते, एवढं खरं.

मार्च २०२० मध्ये, कोरोना इटलीत धुमाकूळ घालत असताना, त्याची नोकरी गेली. घरात बसून तो टिकटॉकवर व्हिडिओ टाकायला लागला. सुरुवातीचे व्हिडिओ इटालियन भाषेत होते, नाच होता, विनोद होता. मग त्याला त्याची वाट सापडली. सोपं काम मुद्दाम अवघड करून दाखवणारे ‘लाइफ हॅक’ व्हिडिओ घ्यायचे आणि शेजारी आपण तेच काम सरळ करून दाखवायचं, न बोलता. २२ जून २०२२ रोजी तो टिकटॉकवर जगात सगळ्यात जास्त फॉलोअर असलेला माणूस झाला. तेव्हा आकडा १४ कोटींच्या वर होता.

आता पोराच्या प्रश्नाकडं येतो. पैसे कोण देतं?

मार्केट यार्डातला अडत्या आठवा. शेतकरी माल आणतो, व्यापारी घेतो, अडत्या दोघांना एका छपराखाली आणतो आणि आपली अडत कापून घेतो. यूट्यूब किंवा टिकटॉक तो अडत्या आहे. व्यापारी म्हणजे जाहिरात देणाऱ्या कंपन्या. फरक एवढाच की इथं विकला जाणारा माल म्हणजे बघणाऱ्याचा वेळ. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के करणाऱ्याला मिळतात, ४५ टक्के कंपनी ठेवते. शॉर्ट्सचा, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचा, हिशेब वेगळा. तिथं सगळ्यांच्या जाहिरातींचे पैसे एका हंड्यात जातात, गाण्यांचा खर्च वजा होतो, व्ह्यूजप्रमाणे वाटणी होते आणि आपल्या वाट्यातले ४५ टक्के हातात पडतात. या अडतीत बसायला पण अट आहे. जाहिरातीचा हिस्सा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत लोकांनी बघितलेले ४,००० तास हवेत, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. लाइव्ह चालू असताना लोक सुपर चॅटनं पैसे पाठवतात, त्यातले ७० टक्के करणाऱ्याचे.

खाबीसारख्याची मोठी कमाई मात्र या अडतीतून होत नाही. ती थेट ब्रँडकडून होते. ह्युगो बॉस या कपड्यांच्या कंपनीनं २०२२ मध्ये त्याच्याशी अनेक वर्षांचा करार केला. ब्रँड त्याचा चेहरा आणि त्याच्यामागची गर्दी विकत घेतो. गर्दी जेवढी जास्त देशांतली, तेवढी किंमत जास्त.

इथं एक गोष्ट आहे जी बाहेर गेलेल्या पोरांना फार उशिरा कळते, म्हणून जरा थांबून सांगतो. जाहिरातीचा दर ठरतो तो बघणारा कुठं बसलाय यावर. करणारा कुठं राहतो याच्याशी त्याचा संबंध नाही. समजा आपल्या वडगावचा पोरगा लंडनला गेला आणि तिथलं घरभाडं, तिथली भाजी, तिथली थंडी यांवर मराठीत व्हिडिओ करायला लागला. बघणार कोण? बेळगाव, कोल्हापूर, सांगली, पुणे. जाहिराती लागणार भारतातल्या, दर भारतातला. आणि पोराला भाडं भरायचंय पौंडांत. लाख व्ह्यूज आले म्हणून घरचे पेढे वाटतात आणि तिकडं त्याचं आठवड्याचं किराणा सामानही त्यातून सुटत नाही. हाच पोरगा इंग्रजीत बोलला तर दर वाढेल, पण मग तो हजारो इंग्रजीवाल्यांच्या गर्दीत एक. मराठीतली माया तिथं चालत नाही.

खाबीनं बोलणंच काढून टाकलं आणि या कोंडीतून सुटला. त्याला भाषांतर लागत नाही. सेनेगलचा, इटलीचा, ब्राझीलचा आणि उद्यमबागेतला माणूस एकाच सेकंदाला हसतो. आपण सीमाभागातले लोक हे जास्त चांगलं समजू शकतो असं मला वाटतं. आमच्या शॉपमध्ये घरी मराठी बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत, उर्दू बोलणारे आहेत. सकाळी गेटवर कुणी “ऊटा आतेन्री?” म्हणतो, कुणी “जेवलास काय?” म्हणतो, आणि दोघांनाही दोन्ही कळतं. दिवसातून दहा वेळा भाषा बदलणाऱ्या माणसाला हेही ठाऊक असतं की काही गोष्टी कुठल्याच भाषेत सांगाव्या लागत नाहीत.

आणखी एक धोका लगेच सांगून टाकतो. भारतात २९ जून २०२० रोजी सरकारनं ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. एका रात्रीत कितीतरी पोरांचे वर्षानुवर्षं जमवलेले फॉलोअर गेले. खाबी आपल्याला दिसला तो इन्स्टाग्रामच्या रील्समधून. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घराची हीच अडचण असते, आणि बाहेर देशात राहणाऱ्याच्या बाबतीत तर पायाखालची जमीन पण दुसऱ्याचीच असते.

त्याच जमिनीचं आता बोलतो, कारण मला मुख्य सांगायचंय ते हेच. व्हिडिओ सगळीकडं पोचतो, माणूस पोचत नाही.

जून २०२२ मध्ये खाबी जगात पहिला आला तेव्हा तो इटलीचा नागरिक नव्हता. वर्षाचा असल्यापासून तिथं राहिलेला, तिथल्या शाळेत शिकलेला, तिथल्या कारखान्यात राबलेला, पण पासपोर्ट सेनेगलचा. इटलीचा १९९२ चा नागरिकत्वाचा कायदा रक्ताच्या नात्यावर उभा आहे. आईबापांपैकी कुणी इटालियन असेल तर मूल इटालियन. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला अर्ज करायलाच दहा वर्षांचा कायदेशीर रहिवास दाखवावा लागतो, आणि पुढं फाईल फिरते ती वेगळी. खाबीला नागरिकत्व मिळालं ऑगस्ट २०२२ मध्ये, कीवास्सोच्या नगरपालिकेत शपथ घेऊन. जगानं आधी ओळखलं, गावच्या दप्तरानं नंतर.

हे वाचून कुणी इटलीला नावं ठेवण्याआधी आपला कायदाही बघावा. भारतात ३० जून १९८७ पर्यंत जन्मलेल्याला इथं जन्मला एवढ्यावर नागरिकत्व होतं. त्यानंतर आई किंवा बाप भारतीय असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. शिवाय आपण दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की भारताचा सोडावा लागतो.

मग जून २०२५. खाबी आता इटलीचा नागरिक, युनिसेफचा सदिच्छादूत. ६ जून रोजी अमेरिकेत लास वेगासच्या विमानतळावर तिथल्या इमिग्रेशन खात्यानं त्याला अडवलं. व्हिसाच्या अटींपेक्षा जास्त राहिला असं खात्याचं म्हणणं. त्याला स्वतःहून देश सोडायची मुभा दिली आणि तो निघून गेला. त्याच आठवड्याच्या शेवटी, ८ आणि ९ जूनला, इटलीत सार्वमत झालं. नागरिकत्वासाठीची दहा वर्षांची अट पाचवर आणावी का, हा त्यातला एक प्रश्न होता. सार्वमत ग्राह्य धरायला निम्म्याहून जास्त मतदार यावे लागतात. जेमतेम ३० टक्के आले, आणि अट तशीच राहिली.

मला ही बातमी वाचताना महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका आठवला. २०२१ साली महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला कोरोनाच्या आरटीपीसीआर तपासणीचा रिपोर्ट दाखवावा लागत होता. माझी बहीण कागलला दिलेली आहे. तिच्याकडून परत येताना मी रिपोर्टचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रांगेत उभा होतो. शेजारच्या गाडीत मागच्या सीटवर एक लहान पोरगं मोबाइलवर खाबी बघत होतं आणि खिदळत होतं. सेनेगलमध्ये जन्मून इटलीत चित्रित झालेला माणूस नाका ओलांडून आत आला होता, आणि कागलहून वीस मिनिटांच्या अंतरावर आम्ही थांबलेलो. आपल्या भागातल्या लोकांना हे नवं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं. माणसं होती तिथंच राहिली. बदलला तो कागद, सातबाऱ्याची भाषा आणि कचेरीचा पत्ता. रेष माणसावरून गेली की काय होतं, ते आमच्या आजोबांनी बघितलंय.

यूट्यूबचा जन्मसुद्धा अशाच रेषा ओलांडून आलेल्या घरांतला आहे. तिथला पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, १९ सेकंदांचा, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून बोलणाऱ्या जावेद करीमचा, यूट्यूबच्या एका संस्थापकाचा. बाप बांगलादेशी, आई जर्मन, जन्म पूर्व जर्मनीत, १९९२ मध्ये अमेरिकेत आलेला. दुसरा संस्थापक स्टीव्ह चेन तैवानमध्ये जन्मलेला.

आता माझ्या भाचीचं सांगतो. तिच्यामुळंच मी हे सगळं शिकलो. बेळगावात इंजिनिअरिंग करून ती बर्मिंगहॅमला एम.एस्सी.ला गेली. तिथल्या स्वयंपाकघरात भाकरी थापतानाचा व्हिडिओ टाकला आणि तो बऱ्यापैकी चालला. सहा महिन्यांत सबस्क्रायबर हजाराच्या वर गेले, तास पण भरत आले. ताईला वाटलं, पोरीची फी निघाली. भाचीनं मला फोन केला, “मामा, पैसे सुरू करू का?”

आम्ही दोघांनी बसून नियम वाचले. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी शिकणाऱ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते. पण स्वयंरोजगार करता येत नाही, एक तासही नाही. जाहिरातीचा हिस्सा घेणं, ब्रँडकडून पैसे घेणं हे स्वयंरोजगारात धरलं जातं. व्हिडिओ टाकायला बंदी नाही, त्यातून कमवायला आहे. तिच्या युनिव्हर्सिटीच्या व्हिसा सल्लागारानंही हेच स्पष्ट सांगितलं. शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की स्वयंरोजगार चालतो. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर गेलेल्यांनी तर जास्तच जपावं. त्या व्हिसावर ज्या कंपनीनं बोलावलं तिचंच काम करता येतं, शनिवारी-रविवारी चॅनल चालवून कमवणं त्यात बसत नाही. तिथं कलावंतांसाठी ओ-वन नावाचा व्हिसा आहे, त्यावर काही व्हिडिओ करणारेही जातात. पण त्याला असामान्य कामगिरीचे पुरावे द्यावे लागतात. दुबईत जाहिरातीचे पैसे घ्यायचे तर लायसन्स लागतं, २०१८ पासून. प्रत्येक देशाचं दार वेगळं आहे, आणि ‘सगळेच करतात’ हे कुठल्याच काउंटरवर चालत नाही.

ताईनं सुचवलं की चॅनल भाचीच्या भावाच्या नावावर करू, पैसे कागलच्या खात्यात येऊ देत. बरीच घरं असं करतात. मी नको म्हटलं. व्हिडिओत चेहरा तिचा, काम तिचं, ते काम होतंय ब्रिटनमध्ये. उद्या व्हिसाच्या अर्जावर प्रश्न आला तर उत्तर तिनंच द्यायचंय, भावानं नाही. पंधरा-वीस लाख कर्ज काढून पाठवलेल्या पोरीनं महिन्याच्या काही हजारांसाठी ते पणाला लावू नये, एवढं माझं सरळ मत.

पैशांच्या कागदांचंही एक गणित तिच्यामुळं कळलं. यूट्यूबचे पैसे गूगलच्या अॅडसेन्स खात्यातून येतात. १० डॉलर जमले की घरच्या पत्त्यावर टपालानं एक पिन येतो, तो भरल्याशिवाय पुढं काही हलत नाही. १०० डॉलर झाल्यावर महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात. या खात्याचा देश नंतर बदलता येत नाही. बेळगावच्या पत्त्यावर उघडलं आणि इंग्लंडला राहायला गेलात तर ते बंद करून तिथं नवीन उघडावं लागतं. आणि २०२१ पासून जगातल्या प्रत्येकाला अमेरिकेचा कर-फॉर्म भरावा लागतो. तो भरला नाही तर सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. भरला तर फक्त अमेरिकेतल्या बघणाऱ्यांकडून आलेल्या पैशांवर कर लागतो, तोही दोन देशांतल्या कराराप्रमाणे. भारतात राहणाऱ्याला १५ टक्के, ब्रिटनच्या रहिवाशाला शून्य. तीच पोरगी, तीच भाकरी, तोच व्हिडिओ. पत्ता बदलला की कापलेली रक्कम बदलते. भारतात आयकर कुठला लागेल हेही आधी तुम्ही वर्षातले १८२ दिवस इथं होतात का, यासारख्या हिशेबावर ठरतं, म्हणून पहिल्याच वर्षी चांगला सीए गाठावा.

भाचीनं पैशांचं बटण बंद ठेवलंय. व्हिडिओ चालू आहेत. गेल्या रविवारी तिनं काहीच न बोलता भाकरी केली. फक्त थापण्याचा आवाज, तवा, आणि पापुद्रा फुगताना केलेला क्लोजअप. खाली पोर्तुगीजमध्ये, अरबीत कमेंट आल्यात म्हणून ती फोनवर हरखून सांगत होती.

हे सगळं मी शॉपमधल्या पोराला तीन-चार चहाच्या सुट्ट्यांत मिळून सांगितलं. त्यालाही व्हिडिओ करायचाय. लेथवरून निघणारी लांब, निळी झालेली चिप, कूलंटचा फवारा, तयार झालेला चकाकता जॉब, न बोलता. मी म्हटलं, मालकांना आधी विचार, आणि गिऱ्हाइकाचं काही दिसू देऊ नकोस. मालकांनी शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास दिला. काल संध्याकाळी त्यानं मोबाइल टूल ट्रॉलीला टेकवून ठेवला, काच पुसली, मग काहीतरी आठवल्यासारखा मागं फिरला आणि टेबलावरचं ड्रॉइंग उलटं करून ठेवलं.